ओव्हर म्हटल्याशिवाय

व्हीआयपी येणार असला की रत्नागिरीत मारुती मंदिराच्या सर्कलला सगळं थांबतं. रिक्षा थांबतात, डंपर थांबतात, शहाळीवाल्याची हातगाडी थांबते, चालू राहतात फक्त हॉर्न. अशा वेळी अडकलेल्या माणसाला करमणूक एकच, बंदोबस्तावरच्या हवालदाराच्या खांद्याला लटकलेला वायरलेस. तो बोलतो, आणि काय बोलतो ते कुणालाही कळत नाही. त्यामुळे त्याच्याभोवती जमणारी गर्दी व्हीआयपीच्या सभेपेक्षा मोठी असते आणि तिला वडापाव द्यावा लागत नाही.

"खर्रर्र... चार्ली वन... पास... खर्रर्र... पॉइंट सोडू नका... रॉजर."

"पास म्हणाला. म्हणजे गेले," स्कूटरवरचे एक गृहस्थ म्हणाले.

"गेले कसे? पास म्हणजे निरोप पुढे द्या. माझा मामेभाऊ होमगार्ड आहे, मला नका सांगू."

"आणि चार्ली?"

"चार्ली म्हणजे चोर."

"मग चार्ली वन म्हणजे एक नंबरचा चोर?"

"म्हणजे साहेबच येतायत!"

हवालदाराने मान फिरवली, पण ओठ हलले ते आम्ही पाहिले. एवढ्यात मागच्या रिक्षावाल्याने कानाचा मोबाईल न काढताच जाहीर केलं, "कुणी घाई करू नका. साहेब कोल्हापूरकडून येतायत. नाणीज सोडलं, पालीला जेवायला बसलेत. सुरमई संपली, सोलकढी यायची आहे." त्याचा मेव्हणा ताफ्यातल्या पाचव्या गाडीवर ड्रायव्हर होता. हवालदार सावकाश त्याच्याजवळ गेला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "हातखंबा ओलांडला की मला पण सांग रे जरा."

पोलिसांची सांकेतिक भाषा आणि रत्नागिरी यांचं नातं हे असं आहे. संकेत लागतो गुपित राखायला आणि थोडक्यात बोलायला. आमच्याकडे गुपित दुपारच्या चहापर्यंत टिकत नाही, आणि थोडक्यात बोललेलं अपमानात मोजतात. "काय, बरं आहे ना?" एवढंच विचारून एखादा पुढे गेला, तर संध्याकाळपर्यंत 'त्याला हल्ली माज आलाय' हे मांडवीपासून मिऱ्यापर्यंत पोचतं, आणि तेही बिनतारी. परक्या गाड्यांची नंबरप्लेट आमची शेंबडी पोरंसुद्धा वाचतात. "बारा आली" म्हणजे पुण्याचे लोक, आता गणपतीपुळ्याचा रस्ता विचारतील. "नऊ आली" म्हणजे कोल्हापूर, हे विचारणार नाहीत, सरळ समुद्रात जातील. स्वतःच्या आठ नंबरकडे मात्र कोणी पाहत नाही, कारण गाडीत कोण आहे, कुठे चाललाय आणि कशाला, हे आधीच ठाऊक असतं.

तरीही मला त्या खरखरीचं लहानपणापासून आकर्षण. सिनेमातला इन्स्पेक्टर "ओव्हर अँड आऊट" म्हणाला की माझ्या अंगावर काटा यायचा. ते चूक असतं, हे आमच्या सोसायटीत राहणाऱ्या हवालदारकाकांनी सांगितलं, तेव्हा मी चांगला दोन मुलांचा बाप झालो होतो. काका पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागातून निवृत्त झालेले. या खात्याचं मुख्यालय पुण्यात आहे, आणि ते योग्यच आहे. कमीत कमी शब्दांत समोरच्याला गप्प करण्याचं शास्त्र शिकवायला दुसरं कुठलं गाव निवडणार?

"ओव्हर म्हणजे माझं बोलणं संपलं, आता तुम्ही बोला," काका म्हणाले. "आऊट म्हणजे संभाषण संपलं, आता कोणीच बोलू नका. दोन्ही एकदम कसं म्हणणार? बोला पण आणि गप्प पण बसा? ते फक्त बायको म्हणू शकते."

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "ऐकलंय मी."

"रॉजर," काका म्हणाले आणि सरसावून बसले.

या रॉजरची कुळकथा मोठी गमतीची आहे. 'रिसीव्ह्ड', म्हणजे निरोप मिळाला, याचं पहिलं अक्षर आर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजी अक्षरं वायरलेसवर स्पष्ट कळावीत म्हणून दोस्त सैन्यांनी एक यादी वापरली: एबल, बेकर, चार्ली... त्यात आरला रॉजर, केला किंग, पीला पीटर. पुढे 1956 मध्ये नवी आंतरराष्ट्रीय यादी आली, अल्फा, ब्राव्हो, चार्लीवाली. तिच्यात रॉजर गेला आणि त्याच्या जागी रोमिओ बसला. सगळ्या जगाने इतर अक्षरं बदलली, पण निरोप मिळाल्यावर 'रोमिओ' म्हणायला कोणीच तयार होईना. काकांना हे सांगताना अजून घाम फुटतो. "विचार करा, एसपी साहेब विचारतायत, निरोप मिळाला का, आणि मी मोठ्याने म्हणतोय, रोमिओ सर!"

मुंबईच्या पोलीस वायरलेसवर आयुक्तांना 'किंग' म्हणायची पद्धत आहे आणि पोलीस ठाण्याच्या गाडीला 'पीटर'. दोन्ही नावं त्या जुन्याच यादीतली. समजा कुणा शिस्तप्रिय अधिकाऱ्याने सगळं नव्या यादीप्रमाणे करायचं ठरवलं, तर किंगचा होतो 'किलो' आणि पीटरचा 'पापा'. "किलो निघाले, पापा मागे आहेत" असं ऐकून कायदा-सुव्यवस्था राहील का? काही गोष्टी जुन्याच बऱ्या.

किंगच्या बाबतीत मात्र रत्नागिरीने मुंबईला मागे टाकलं आहे. मुंबईकडे किंग नावाचा पोलीस आहे, आमच्याकडे किंगवर पोलीस होता. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी 1886 साली इथे आणून ठेवलं, आणि त्याच्यावर देखरेखीसाठी पोलीस अधिकारी नेमला. 1910 च्या सुमाराला त्याचा राजवाडा बांधून झाला, 1916 साली राजा गेला. तेव्हा वायरलेस नव्हता हे नशीब. नाहीतर "किंगचं लोकेशन काय?" या प्रश्नाला "गॅलरीत उभा आहे, समुद्राकडे बघतोय" हे एकच उत्तर वर्षानुवर्षं द्यायला लागून ऑपरेटर वेडा झाला असता.

अमेरिकेची तऱ्हा याहून निराळी. तिथे डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी 1920 च्या दशकात रेडिओ केंद्र काढलं, त्याचं नाव 'केओपी'. पण सरकारने परवाना दिला तो करमणुकीच्या केंद्राचा. म्हणजे मध्ये मध्ये गाणी वाजवणं सक्तीचं, आणि गाण्यांच्या अधूनमधून चोरीला गेलेल्या मोटारींचे नंबर. तिथल्या पोलीसप्रमुखाने वैतागून विचारलं होतं म्हणे, की चोर पकडायला गाडी पाठवण्याआधी आम्ही व्हायोलिन वाजवायचं का? आमच्या आकाशवाणीवर असं सुरू झालं असतं, तर 'कामगारांसाठी' आणि 'माजघरात' यांच्या मधोमध "पाहिजे आरोपी" लागला असता आणि श्रोत्यांनी त्यालाही फर्माईश पाठवली असती. बरं, डेट्रॉइटचा तो रेडिओ एकतर्फी. 1928 मध्ये गाड्यांना नियमित निरोप जायला लागले, पण गाडीतला पोलीस फक्त ऐकणार, उलट बोलायची सोय नाही. काकांना ही व्यवस्था ऐकवली तेव्हा ते बराच वेळ स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले.

मग आली आकड्यांची भाषा. 1937 च्या सुमाराला इलिनॉय राज्याच्या पोलीस दळणवळण विभागातल्या चार्ल्स हॉपर यांनी 'टेन कोड' बसवले. 10-4 म्हणजे समजलं. प्रत्येक आकड्याआधी दहा कशाला, तर तेव्हाच्या यंत्राला बटण दाबल्यावर जागं व्हायला क्षणभर लागायचा आणि पहिला शब्द वाया जायचा. म्हणून एक 'दहा' वाया घालवायला पुढे ठेवला. ही युक्ती आमच्याकडे फार जुनी आहे. कोकणी माणूस कुठलंही वाक्य "नाही म्हणजे काय, मी काय म्हणतो" असं सुरू करतो, कारण ऐकणारा तोपर्यंत तयार नसतो. कधीकधी बोलणाराही नसतो.

हे सगळं ज्ञान काकांच्या घरात पडून राहिलं असतं. पण नाचणे रोडच्या आमच्या सोसायटीवर माकडांनी चाल केली. लालतोंडी एक टोळी आणि काळतोंड्या वानरांची दुसरी. दोघांत कसलासा समझोता असावा, कारण एकजण पपयांवर असताना दुसरा कलमावर असतो. शिवाय पाण्याचा टँकर येतो तो कधी येतो ते कळत नाही, वर्गणीवाले येतात ते कधी येतात ते आधी कळायला हवं असतं, आणि मे महिन्यात मुंबईचे पाहुणे येतात ते कळूनही उपयोग नसतो. तेव्हा सर्वसाधारण सभेत ठराव झाला की सोसायटीची स्वतःची संदेश यंत्रणा हवी आणि ती हवालदारकाकांनी उभारावी.

"वॉकीटॉकी आणू या का?" खजिनदाराने विचारलं. त्याच्या डोळ्यांत मला माझं बालपण दिसलं.

"लायसन?" काकांनी एकाच शब्दात विचारलं. 1933 सालापासून बिनतारी यंत्र विनापरवाना जवळ ठेवणं हा गुन्हा आहे, हल्ली काही अगदी कमी ताकदीच्या यंत्रांना सूट असते, वगैरे त्यांनी समजावलं. मग ठरलं, मोबाईलवर ग्रुप करायचा, नाव 'नियंत्रण कक्ष', आणि त्यावर फक्त आवाजी निरोप टाकायचे, वायरलेसच्या शिस्तीत.

पहिला वाद झाला तो अक्षरांवरून. मराठी शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर उभे राहिले. "अल्फा, ब्राव्हो कशाला? आपली बाराखडी मेली का? ग गणपतीचा, ब बदकाचा, भ भटजीचा!" टाळ्या पडल्या. काकांनी शांतपणे विचारलं, "बागेतला फणस चोरीला गेलाय, खरखरीत नीट ऐकू येत नाहीये. सांगा बघू अक्षरं पाडून." हेडमास्तर म्हणाले, "फ फणसाचा..." आणि थबकले. फणस कळवायला आधी फणसच लागत होता. पुढचा 'ण बाणाचा', म्हणजे त्या अक्षराने सुरू होणारा शब्दच नाही, शेवटाला लटकलेलं अक्षर घेऊन भागवायचं. ठराव बारगळला आणि अल्फा-ब्राव्हो बहुमताने मंजूर झाले.

काकांनी हिशेब सोपा ठेवला. चोवीस फ्लॅट, पहिला अल्फा, दुसरा ब्राव्हो, असं ओळीने. कुठे पक्षपात नाही. पण 1956 साली ही यादी करणाऱ्या विद्वानांसमोर आमची सोसायटी नव्हती, हा त्या यादीचा मूळ दोष.

आठव्या फ्लॅटला आलं 'हॉटेल'. त्या घरी नुकताच कोकणी मसाल्याचा घरगुती धंदा सुरू झाला होता. दोन दिवसांत तिथे माणसं थाळीचा भाव विचारायला लागली. अकराव्या फ्लॅटच्या वहिनी वजन उतरवण्यासाठी रोज पहाटे भाट्याच्या किनाऱ्यावर चालायला जात. त्यांच्या वाट्याला आलं 'किलो'. "किलो, किलो, तुम्ही खाली आलात का?" हा निरोप चोवीस घरांत ऐकला गेला आणि वहिनी काकांशी बोलायच्या बंद झाल्या. अठराव्या फ्लॅटमध्ये बदली होऊन आलेला बँकेतला अविवाहित मुलगा. सालस, मान खाली घालून जाणारा. त्याला बघायला चिपळूणहून मंडळी आली असताना शेजारच्या मोबाईलमधून खणखणीत आवाज आला, "रोमिओ कालपासून बाहेर आहे, गाडी अजून परत आली नाही, ओव्हर." मंडळींनी पोहे अर्धवट सोडले.

तेवीसावा फ्लॅट हेडमास्तरांचा. दारूबंदीवर गावोगाव भाषणं देऊन आलेला माणूस. त्यांना पहाटे साडेपाचला पाण्याच्या मोटरसाठी साद गेली, "व्हिस्की, व्हिस्की, खाली या. व्हिस्की, ऐकताय का?" जिन्यातून दूधवाला वर येत होता. त्याने दुधाची पिशवी खाली ठेवून आदराने विचारलं, "एवढ्या सकाळी?"

मला मिळालं 'ज्युलिएट'. दहावा फ्लॅट, दुसरं काय होणार? मी रोमिओशी अदलाबदल सुचवली, तो रडवेला झाला. आमच्या चिरंजिवांनी माझा नंबर त्याच नावाने साठवून ठेवला, आणि अजून बायको मोबाईल वाजला की म्हणते, "बघा, तुमचं कोणीतरी बोलावतंय, ज्युलिएटबाई."

पण खरा प्रसंग बी विंगच्या आजींचा. वय विचारलं की त्या साल सांगत नाहीत, कुठल्या वादळानंतर जन्मल्या ते सांगतात. त्यांचा फ्लॅट सोळावा, म्हणजे 'पापा'. पहिल्याच दिवशी नातवाने मोबाईल कानाशी धरला.

"पापा, पापा, कंट्रोल बोलतोय. माझा आवाज येतो का? ओव्हर."

"कोण पापा? ते जाऊन तप लोटलं. आणि असते तरी त्यांना ऐकायला येत नव्हतं."

"आजी, पापा तुम्हीच."

"मेल्या, दिवसा घेतलीस काय?"

चेअरमनांना मात्र अल्फा पसंत नव्हतं. पहिला फ्लॅट असूनही त्यांना 'किंग' हवं होतं. का, तर मुंबईच्या आयुक्तांना असतं. काकांनी नाइलाजाने दिलं. मग सेक्रेटरी म्हणाले, मग मला 'किंग वन' द्या. खजिनदारांनी 'सीनियर किंग' घेतलं, कारण पैसे त्यांच्याकडे. पंधरवड्यात सोसायटीत सहा किंग झाले. "किंग, टँकर आला आहे, बादली घेऊन या" असा निरोप गेला की कोणीच यायचं नाही. प्रत्येकाला वाटायचं, बादली घेऊन दुसरा किंग जाईल.

वास्तविक सांकेतिक भाषा कशी चालवावी हे आम्हाला शिकवायला पोलीसखात्याची गरज नव्हती. ज्या हापूसवर आम्ही जगतो त्याचा सौदा मुंबईच्या घाऊक बाजारात पिढ्यान् पिढ्या रुमालाखाली झाला. दलाल आणि गिऱ्हाईक हातावर रुमाल टाकणार, आतून एकमेकांची बोटं दाबणार, भाव ठरणार. ज्याचा आंबा तो बागायतदार शेजारी उभा राहून रुमालाच्या सुरकुत्या मोजणार. वायरलेस नाही, खरखर नाही, 'से अगेन' नाही, आणि शंभर वर्षांत कुणाला पत्ता नाही. जुन्या व्यापाऱ्यांची नंदभाषाही अशीच. केवली म्हणजे एक, अवारू म्हणजे दोन. गिऱ्हाइकाच्या तोंडावर त्याला किती कापायचं हे ठरवायचं आणि तो हसत पैसे मोजून जायचा. या दोन्ही भाषा टिकल्या, कारण बोलणाऱ्याला त्यातून काही मिळत होतं. आमच्या भाषेतून मिळत होती ती फक्त ऐट.

बाकी रक्षणाच्या बाबतीत काका स्वतः एक किस्सा सांगतात. 26 नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर 'सागर कवच' नावाची कवायत होऊ लागली. पोलिसांचीच काही माणसं अतिरेकी बनून समुद्रातून शिरायचा प्रयत्न करतात, बाकीच्यांनी त्यांना पकडायचं. जिल्ह्याचा किनारा 167 किलोमीटर, त्यात खाड्याच खाड्या. व्हीएचएफचा आवाज सरळ रेषेत जाणारा, मध्ये डोंगर आला की गप्प. तर एकदा, काकांच्या म्हणण्याप्रमाणे, असे दोन नकली अतिरेकी एका खाडीत बिनबोभाट उतरले, कुठल्याही रेडिओवर चाहूल नाही. बांधावर एक म्हातारी कालवं फोडत बसली होती. तिने वर न बघता विचारलं, "कुणाकडे आलात?"

ते म्हणाले, "असेच, फिरायला."

"असेच कोणी येत नाय हितं. वाडी कुठची? बापाचं नाव काय?"

पुढच्या दहा मिनिटांत तिने त्यांचं गाव, जात, पगार आणि लग्नं झाली नाहीत ही माहिती काढून घेतली, आणि त्यांना पोलीस पाटलाच्या ओसरीवर नेऊन बसवलं. एकाला तिथे स्थळही सांगून आलं. किस्सा कितपत खरा ते काकांना ठाऊक. पण कोकणात परका माणूस "कुणाकडे आलात?" या एका प्रश्नाच्या पलीकडे जाऊ शकत नाही, यावर मी शपथपत्र द्यायला तयार आहे.

आमच्या यंत्रणेचा बोजवारा उडाला तो दोन विंगांच्या भांडणात. पार्किंगवरून ए आणि बी विंगांचं जुनं वाकडं. काकांनी सांकेतिक शब्दांची यादी टाइप करून ए विंगच्या फलकावर लावली. बी विंगला ती वेळेवर दिली नाही, म्हणून त्यांनी आपली स्वतंत्र यादी केली. शब्द तेच, अर्थ निराळे. ए विंगच्या यादीत 'चार्ली' म्हणजे वर्गणीवाले: दिवे घालवा, टीव्ही बंद करा, दार लावून चिडीचूप बसा. बी विंगच्या यादीत 'चार्ली' म्हणजे माकडं: काठ्या, पत्र्याचे डबे आणि सुतळी बॉम्ब घेऊन बाहेर पडा.

अमेरिकेत नेमकं हेच झालं होतं. 10-50 हा आकडा एका खात्यात साध्या मोटार अपघाताला आणि शेजारच्या खात्यात पोलीस संकटात सापडला याला. पण त्यांच्याकडे निदान सुतळी बॉम्ब नव्हते.

रविवारी दुपारी ए विंगच्या गच्चीवरून निरोप आला, "सर्व किंगना सूचना, चार्ली गेटमधून आत शिरले आहेत, ओव्हर." आले होते ते खरोखरच वर्गणीवाले, पावतीपुस्तक घेऊन, कडक इस्त्रीचे. बी विंग शिस्तीत बाहेर पडली. आजी सर्वांच्या पुढे, हातात माडाचा झावळा. पावतीपुस्तक अजून गटारात आहे. त्या मंडळाचा अध्यक्ष आमच्याच नगरसेवकाचा भाचा निघाला, त्यामुळे गेटसमोरचा खड्डा या पावसाळ्यात बुजेल अशी जी आशा होती तीही त्याच गटारात गेली.

दोन दिवसांनी बी विंगमधून हाक आली, "चार्ली आले, सावधान!" या खेपेला माकडं होती. ए विंगच्या घराघरांत दिवे गेले, टीव्ही बंद झाले, लहान मुलांच्या तोंडांवर हात ठेवले गेले. मी स्वतः सोफ्यामागे बसलो होतो, ज्युलिएट म्हणून नव्हे, मागच्या वर्षीची वर्गणी राहिली होती म्हणून. खिडकीच्या फटीतून दिसत होतं, एक काळतोंड्या माझ्या कुंडीतलं पपईचं पिकलेलं फळ शांतपणे सोलतोय. इतक्या आदराने त्याला कोकणात आजवर कुणी वागवलं नसेल.

मुंबईच्या पाहुण्यांसाठी ठेवलेला शब्द वापरायची वेळ आलीच नाही. 'पाहुणे येत आहेत, गाव सोडा' याला आम्ही 'विसर्जन' म्हणायचं ठरवलं होतं. पण खजिनदाराची मेव्हणी, सेक्रेटरीचा चुलतभाऊ आणि माझी धाकटी आत्या या तिघांनाही कुणीतरी प्रेमाने ग्रुपवर घेतलं होतं. एप्रिलच्या शेवटी आत्याचाच आवाजी निरोप आला, "विसर्जन बाराला करतोय रे, सात जणं आहोत. आंबे उतरवून ठेवा, ओव्हर."

त्यानंतर तातडीची सभा भरली. काकांनी जुनी फाईल उघडून सांगितलं की अमेरिकेतसुद्धा 2006 च्या सुमाराला सरकारने सांगून टाकलं, मोठ्या संकटात जिथे अनेक खाती एकत्र येतात तिथे आकडे नकोत, साध्या भाषेत बोला. आपणही आजपासून साधं बोलू या. माकडं आली तर माकडं म्हणा, वर्गणी आली तर वर्गणी म्हणा.

सभेत शांतता पसरली. मग खजिनदार म्हणाले, "साधंच बोलायचं तर मग ग्रुप कशाला?" हेडमास्तर म्हणाले, "मला आता व्हिस्कीची सवय झाली आहे," आणि जीभ चावून खाली बसले. सहाही किंगांनी राजीनाम्याची धमकी दिली. रोमिओने तर कळवळून सांगितलं की त्याची एका ठिकाणी बोलणी चालू आहेत आणि त्या मुलीला ते नाव आवडलं आहे. चर्चा 'विषय पुढच्या सभेत घ्यावा' या निष्कर्षापर्यंत पोचत होती, एवढ्यात बी विंगच्या गॅलरीतून आवाज आला.

"माकडं आली गोऽऽऽ! मागल्या अंगान्! तीन लालतोंडी नि एक थोरला! त्या ज्युलिएटाच्या पपईवर बसलाय मेला!"

हातात मोबाईल नाही, लायसन नाही, मध्ये दोन इमारती. आवाज साळवी स्टॉपच्या रिक्षावाल्यांनी ऐकला असणार, कारण तिथून दोघेजण काठ्या घेऊन आले. सगळी सोसायटी एका दमात मागे धावली, माकडं पळाली, पपईचा निम्मा भाग वाचला.

काका खाली उभे राहून वर बघत होते. आयुष्यभराची नोकरी, सवय जाते कुठे? हात तोंडाशी धरून ते म्हणाले, "आजी, निरोप मिळाला! पण शेवटी 'ओव्हर' म्हणायचं राहिलं तुमचं!"

"ओव्हर कसलं रे मेल्या," आजी कठड्यावर वाकून म्हणाल्या, "माझं अजून संपलंय कुठे? त्या दुसऱ्या किंगाला विचार, माझा झावळा कुठे ठेवलान् तो..."